कँटोनीजमध्ये "जरा सरकता का?" – हाँगकाँगला येणाऱ्यांसाठी, राहणाऱ्यांसाठी

रानजाई

हाँगकाँगला नवीन येणाऱ्या मराठी मंडळींचे मला सारखे मेसेज येतात, घर कुठे बघू, कढीपत्ता कुठे मिळतो, मुलांच्या शाळा कशा आहेत, पण एक गोष्ट कोणीच विचारत नाही आणि ती पहिल्या दिवसापासून लागते. समोर उभ्या माणसाला बाजूला व्हायला कसं सांगायचं? इथे फुटपाथ अरुंद, दुकानं अरुंद, लिफ्ट छोटी, ट्राममधला जिना तर अंगाला घासतो, त्यामुळे दिवसातून कितीदा तरी कोणीतरी तुमच्या वाटेत असतं किंवा तुम्ही कोणाच्या तरी.

इंग्रजीवर भागेल असं सगळ्यांना वाटतं आणि ऑफिसात, मॉलमध्ये भागतंही, पण भाजीबाजारात, मिनीबसमध्ये, जुन्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये आजीआजोबांसमोर नाही भागत. इथे जवळजवळ ८८ टक्के लोक रोजच्या व्यवहारात कँटोनीज बोलतात (२०२१ ची जनगणना). आणि "एक्सक्यूज मी" मागून आलं की बरेचदा लोकांना ते आपल्यासाठी आहे हेच कळत नाही, कोणीतरी टुरिस्ट रस्ता विचारतोय असं वाटून ते आणखीच गडबडतात.

तर मुख्य वाक्य हे: म्कॉय, चॅ चॅ. एवढंच. "म्कॉय" म्हणजे प्लीज, थँक्यू, ऐका हो, सगळं त्यात आलं, आणि "चॅ चॅ" म्हणजे जरा वाट द्या. समोरचा सरकला की जाता जाता "म्कॉय साय", झाले आभार.

बाकी ट्रामचं वेगळं, मिनीबसचं वेगळं, बाजाराचं वेगळं असं बरंच आहे, ते मी खाली लिहीनच, पण आधी इथल्या बाकीच्यांनी पण लिहा, प्रत्येकाच्या कानावर वेगवेगळं पडलेलं असतं.

कोवळं_ऊन

फार गरजेचा धागा! पुढच्या महिन्यात येतोय आम्ही, सासूबाई पण आहेत बरोबर, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे त्यामुळे गर्दीत त्यांना मागे राहायची भीती वाटते. एक शंका, यूट्यूबवर सगळे "म गोय" म्हणतात, तुम्ही "म्कॉय" लिहिलंय, बरोबर कोणतं?

शेवगा

@कोवळं_ऊन, याचं उत्तर मला द्यायचंय कारण हा माझा जिव्हाळ्याचा विषय आहे 🙂

कँटोनीज रोमन लिपीत लिहायची जी ज्युतपिंग पद्धत आहे (१९९३ साली हाँगकाँगच्या भाषाशास्त्रज्ञांच्या संस्थेने काढलेली) तिच्यात तिथे "जी" हे अक्षर येतं, ते वाचून इंग्रजीवाले ग म्हणतात. पण कँटोनीजमध्ये आपला ग नाहीच, ब नाही, द नाही. तिथे जोडी आहे क आणि ख, प आणि फ (ओठ मिटून म्हणायचा आपला जुना फ), त आणि थ, म्हणजे हवा न सोडता आणि हवा सोडून. इंग्रज माणसाला हा फरक ऐकूच येत नाही म्हणून त्याच्यासाठी ग-क अशी सोय केलीय, आपल्याला त्या सोयीची गरजच नाही, आपण लहानपणापासून काल आणि खाल वेगळं बोलतो.

आणि "चॅ" मधला च हा चहातला नाही, चमच्यातला च. हा च मराठी माणसाला आयता मिळालाय, हिंदीवाल्या मित्रांना तो बसवायला किती वेळ जातो ते बघितलंय मी. देवनागरीत लिहून पाठ करा, रोमनच्या नादी लागू नका.

"म्" हा पूर्ण एक वेगळा उच्चार आहे, "म" नाही. ओठ मिटून नुसतं म्ऽ, विचार करताना आपण करतो तसं, आणि मग कॉय.

तिखटमीठ

शेवगा यांना +१. पण सूर विसरू नका हो, सुराशिवाय अर्धंच झालं. म् खालच्या पट्टीत, कॉय एकदम वरच्या, दोन्ही चॅ मधल्या पट्टीत सपाट. "चॅ" वर चढवला तर ती छत्री होते, खाली सपाट नेला तर तॉ चॅ मधला आभाराचा चॅ होतो, पहिला खाली पाडून दुसरा वर नेला की "चॅ चॅ" म्हणजे ताई, आणि आजकाल घरकामाला असलेल्या बाईंना पण तेच म्हणतात.

तरी घाबरायचं काही कारण नाही कारण गर्दीत मागून आवाज आलाय, हात पुढे केलाय, तेव्हा समोरच्याला कळतं तुम्हाला काय हवंय ते.

घाटावरचा

मी आठ-दहा वेळा गेलोय कामानिमित्त, आणि माझं मत जरा वेगळं आहे, राग मानू नका. लोक तिथे काहीच बोलत नाहीत! मेट्रोत मागून खांदा लावून पुढे जातात, ना म्कॉय ना काही. मग आपणच कशाला एवढं शिकायचं?

रानजाई

@घाटावरचा, राग कसला, तुम्ही म्हणता ते खरंच आहे पण ते अर्धं आहे. तुम्ही बघितलं ते ऑफिसच्या वेळेचं. सकाळी ॲडमिरल्टी स्टेशनवर एवढे लोक एका दिशेला चाललेले असतात की तिथे कोणी कोणाला सांगत नाही, सगळ्यांना माहीत असतं दार उघडलं की काय होणारे. आणि तिथे मेट्रोच सगळ्यांच्या वतीने बोलत असते, आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या, दारापासून लांब राहा, डब्याच्या आत सरका, कँटोनीज, मँडरिन आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत.

पण तोच माणूस संध्याकाळी आपल्या मोहल्ल्यातल्या लिफ्टमध्ये बघा, मागच्या कोपऱ्यात उभा असेल तर मजला यायच्या आधीच "म्कॉय" म्हणतो, नुसतं म्कॉय, आणि पुढचे दोघं लिफ्टच्या बाहेर पाऊल टाकून त्याला वाट देतात आणि परत आत येतात. हे रोज बघते मी. तिथे न बोलता ढकलून गेलात तर लोक तोंडावर काही म्हणणार नाहीत पण पुढच्या वेळी तुमच्यासाठी दार धरणार नाहीत. आपल्या बिल्डिंगमध्ये वर्षानुवर्षं राहायचं असेल तर हा एक शब्द फार लांब नेतो.

पाणपोई

बरोबर. आणि दुसरं म्हणजे फोन. तिकडे मान खाली घालून फोन बघत चालणाऱ्यांना नावच आहे "तय थाव चुक", मान खाली घातलेली जमात. त्यांच्या कानात इयरफोन असतात, म्कॉय हळू म्हटलं तर जातच नाही कानात. मोठ्याने म्हणा, दोनतीनदा म्हणा, "चॅ चॅ चॅ चॅ", त्यात उद्धटपणा नाही. आपल्याकडे मोठ्याने बोललं की भांडायला आला असं वाटतं, कँटोनीज मुळातच खणखणीत बोलतात, त्यामुळे तिथे आवाजावरून राग ओळखायचा नाही, शेवटच्या अक्षरावरून ओळखायचा.

कोवळं_ऊन

शेवटच्या अक्षरावरून म्हणजे?

पाणपोई

म्हणजे वाक्याच्या शेवटी जे छोटे आ, ला लावतात ना ते. "चॅ चॅ आ, म्कॉय" मध्ये आ वरच्या पट्टीत लावला की मऊ होतं, जरा सरका ना हो. "चॅ चॅ ला" म्हटलं की त्यात घाई येते, सरका की आता. आणि काहीच न लावता तोडून "चॅ!" म्हटलं तर तो हमाल असणार, त्याच्या हातात गाडी आहे, लगेच बाजूला व्हा 🙂

नवख्याने आपलं साधं म्कॉय चॅ चॅ म्हणावं, शेपूट लावायच्या भानगडीत सुरुवातीला पडू नये.

दर्यावर्दी

हमालाचं निघालंच आहे तर बाजाराबद्दल लिहितो. जहाजावर असताना हाँगकाँग, ग्वांगचौ (दक्षिण चीनमधलं मोठं शहर), मकाव (पूर्वीची पोर्तुगीज वसाहत) तिन्हीकडे बरंच फिरणं झालं आणि मला सगळ्यात आवडतात ते म्हणजे ओले बाजार, मासळी, भाजी, फरशीवर सतत पाणी, आणि दोन गाळ्यांच्या मधे जेमतेम दोन माणसं जातील एवढी वाट. तिथे ढकलगाडीवर थर्माकोलचे खोके रचून माणूस येतो, त्याला पुढचं काही दिसत नाही, त्यामुळे तो आवाजानेच वाट काढतो. "थय छॅ!" ऐकलंत की गाडी येतेय, बघा. इथे छ आहे, हवा सोडून, म्हणजे छॅ म्हणजे गाडी आणि चॅ म्हणजे वाट द्या, दोन्ही एकाच माणसाच्या तोंडून ऐकू येतात.

आणि एक भारी प्रकार, "क्वन सोय! क्वन सोय!" म्हणजे उकळतं पाणी. चहाच्या जुन्या हॉटेलात किटली घेऊन वेटर फिरतात ते हे ओरडतात कारण खरंच हातात उकळतं पाणी असतं, पण बाजारात नुसते कोबीचे खोके घेऊन जाणारा पण तेच ओरडतो आणि लोक टाणकन बाजूला होतात. कोणी चिडत नाही, सगळ्यांना माहितीये पाणीबिणी काही नाही.

तिखटमीठ

क्वन सोय टोरोंटोकडे पण ऐकलंय! मार्कमला डिमसम खायला गेलो की ट्रॉलीवाल्या काकू. तिकडे हाँगकाँगहून आलेले खूप लोक आहेत, १९९७ ला हाँगकाँग चीनकडे गेलं त्याच्या आधी बरेच आले, त्यामुळे भाषा तीच.

निवडुंग_४२

मला मिनीबसबद्दल कोणीतरी सांगा प्लीज. फार भीती वाटते त्यात बसायची.

रानजाई

@निवडुंग_४२, नीट सांगते, मोठं होईल पण वाच.

मिनीबसमध्ये उभं राहायला परवानगी नाही, जेवढ्या सीट तेवढेच लोक, आधी १६ होत्या, २०१७ पासून १९ पर्यंत चालतात. हिरव्या छताच्या ठरलेल्या मार्गाने, ठरलेल्या भाड्याने जातात, लाल छताच्यांवर तसं बंधन नाही, त्यांना बरेचदा ठरलेले थांबेच नसतात, त्यामुळे कुठे उतरायचं ते ओरडून सांगावं लागतं. सगळ्याच गाड्यांत बेल असते असं नाही. वाक्य हे, "म्कॉय, काय हाव यव लॉक", कोपऱ्यावर उतरणारे आहेत. पुढच्या सिग्नलला असेल तर "तंग वय यव लॉक". नवीन माणसाने नुसतं "यव लॉक, म्कॉय" म्हटलं तरी ड्रायव्हर पुढच्या सोयीच्या जागी थांबवतो. ऐकलं की तो हात वर करतो, केला नाही तर परत ओरडायचं, लाजायचं नाही, कारण गाडी जोरात असते आणि उतरायची जागा गेली की गेली.

आता मुद्दा बाजूला होण्याचा. तू खिडकीशी बसली असशील आणि शेजारी कोणी असेल तर यव लॉक म्हणून झाल्यावर शेजाऱ्याला वेगळं म्कॉय म्हणायचं. तो बहुतेक उठणार नाही, नुसते गुडघे वाटेच्या बाजूला वळवेल. तेवढ्यातून निघायचं. त्यात अपमान नाही, गाडी चालू असताना उभं राहणं धोक्याचं म्हणून तसं करतात. बॅग पाठीवर असेल तर आधी काढून पोटाशी धर, नाहीतर त्याच्या तोंडाला लागते.

आणि म्हणून माझं सगळ्यांना सांगणं, जमत असेल तर खिडकीची सीट घ्या, आत सरका. दाराशी एक सीट अडवून बसलात की प्रत्येक जण तुम्हाला ओलांडत जातो.

शेवगा

ट्रामचं पण लिहा कोणीतरी, मीच लिहितो. १९०४ पासूनच्या त्या ट्राम, मागून चढायचं आणि पुढून उतरायचं, पैसे उतरताना पुढे ड्रायव्हरजवळ द्यायचे. म्हणजे तुम्ही कुठेही बसा, उतरायला अख्खी ट्राम पार करावीच लागते. नवीन लोक स्टॉप आल्यावर उठतात, तोपर्यंत पुढचे पंधरा जण तसेच उभे. वरच्या मजल्यावर असाल तर दोन स्टॉप आधीच जिना उतरायला लागा आणि वाटेत प्रत्येक दोनतीन माणसांमागे एक म्कॉय. एकदाच ओरडून पूर्ण ट्राम सरकत नाही.

हात पण वापरा. तळहात उभा, बोटं पुढे, जसं पाण्यात नाव शिरते तसा हात आधी आणि माणूस मागे, मान थोडी वाकवून. भाषा न कळणाऱ्याला पण हे कळतं. खांद्याला, पाठीला हात लावणं टाळा, विशेषतः पुरुषांनी बायकांना.

बसमध्ये उलट, पुढून चढायचं, मधल्या दाराने उतरायचं. गर्दी झाली की ड्रायव्हर ओरडतो "हांग यप् ती, म्कॉय", आत चला जरा, एसटीच्या कंडक्टरचं पुढे सरका पुढे सरका तेच हे. अशा वेळी दाराशी थांबू नका, तो तुम्हालाच म्हणतोय.

घाटावरचा

रानजाई, लिफ्टचं पटलं. मी हॉटेल आणि मेट्रो यापलीकडे गेलोच नाही कधी, आता पुढच्या वेळी बाजारात जाईन.

एक विचारतो, रागाने काय म्हणतात? म्हणजे मला कोणी म्हटलं तर कळायला हवं.

पाणपोई

"हांग हॉय" म्हणजे हो बाजूला, निघ, हे रोखठोक. आई लहान मुलाला म्हणते, अनोळखी माणसाला म्हटलं तर अपमानच. "लान हॉय" त्याहून खूप वाईट, सरपटत निघ असं काहीसं, ते कधीच वापरू नका. पुस्तकातून किंवा सिनेमातून उचलून गमतीत म्हणणारे लोक बघितलेत, समोरच्याचा चेहरा बदलतो.

त्यातल्या त्यात रंगीत म्हणजे "चॉ च्यू तेय खाव च्यून", तू पृथ्वीचं फिरणं अडवून ठेवलंयस! सरकत्या जिन्याच्या डाव्या बाजूला उभं राहिलं की मागून पुटपुटतात. तिथे उजवीकडे उभं राहायची सवय आहे, डावीकडून घाईचे लोक चढतात. मेट्रोवाले गेली कित्येक वर्षं सांगतायत की चालू नका, कठडा धरून दोन्हीकडे उभे राहा, पण लोक ऐकत नाहीत.

आणि सेंट्रलहून वर मिड-लेव्हल्सला जाणारा तो ८०० मीटरचा सरकता रस्ता (१९९३ चा), तो सकाळी १० पर्यंत फक्त खाली येतो आणि नंतर मध्यरात्रीपर्यंत फक्त वर. टुरिस्ट तिथे फोटोसाठी मधेच थांबतात, आणि राहणारे लोक रोज त्यावरून कामाला जातात. कृपा करून तिथे बाजूला उतरून फोटो काढा.

दर्यावर्दी

ग्वांगचौबद्दल राहिलं. तिथे "चॅ चॅ" चालतं आणि "चॅ मॅ ती" पण ऐकलंय, थोडं बाजूला व्हा अशा अर्थी. मेट्रोत घोषणा मँडरिन, कँटोनीज आणि इंग्रजी, पण बाहेरच्या प्रांतांतून आलेले इतके लोक आहेत की समोरच्याला कँटोनीज येत असेलच असं नाही, तिथे मँडरिनचं "रांग ई श्या" पण पाठ असू द्या. मकावमध्ये मात्र निर्धास्त कँटोनीज, रस्त्यांच्या पाट्या चिनीबरोबर पोर्तुगीजमध्येही आहेत, गोव्याच्या लोकांना रुआ, लार्गो बघून घरच्यासारखं वाटतं, पण रस्त्यावर पोर्तुगीज फारसं कोणी बोलत नाही.

निवडुंग_४२

ज्येष्ठ माणसांना काय म्हणून हाक मारायची? नुसतं म्कॉय म्हणायला कसंतरी वाटतं, आपल्याकडे काका, मावशी म्हटल्याशिवाय तोंड उघडत नाही.

रानजाई

खूप छान विचारलंस. त्यांच्याकडेही हाक मारतात, आजीला "फॉ फॉ", आजोबांना "पाक् पाक्", ड्रायव्हरला आणि कारागिराला "सी फू". बाजारवाल्या बायका गिऱ्हाईकाला सरसकट "लॅंग नॉय" म्हणतात, म्हणजे सुंदर मुली, साठीच्या बाईला पण, आणि पुरुषाला "लॅंग चय". मागून "लॅंग नॉय, चॅ चॅ" आलं तर तुलाच म्हणतायत, सरक.

आपण मात्र वाट मागताना नुसतं म्कॉयच म्हणावं. अनोळखी बाईचं वय ठरवून फॉ फॉ म्हणणं तिला आवडेलच असं नाही.

तिखटमीठ

"म् होव यी सी" राहिलं की! माफ करा, त्रास देतेय, असं. जिथे तुमच्यामुळे समोरच्याला खरंच उठावं लागतं, थिएटरमधली रांग, विमानातली सीट, तिथे "म् होव यी सी, चॅ चॅ" जास्त बरं वाटतं. तरुण मुलं सरळ "सॉरी आ" म्हणतात. आणि तो "तॉ चॅ" आला ना वर, तो भेटवस्तू किंवा कौतुकासाठी, वाट दिल्याबद्दल नाही, तिथे म्कॉयच.

कोवळं_ऊन

सगळ्यांचे मनापासून आभार, सासूबाईंना रोज संध्याकाळी म्हणायला लावतेय, त्यांचा चमच्यातला च आमच्यापेक्षा चांगला लागतो, विदर्भातल्या आहेत. शेवटचं एक, त्यांच्यासाठी व्हीलचेअर घ्यावी लागली आणि भाच्याची बाबागाडी पण असणार, तेव्हा वेगळं काही म्हणायचं का?

रानजाई

हो, मागे काय आहे ते सांगायचं म्हणजे लोक किती सरकायचं ते ओळखतात. बाबागाडीला "पीपी छॅ", म्हणून "म्कॉय चॅ चॅ, पीपी छॅ". व्हीलचेअरला "लन यी", "म्कॉय चॅ चॅ, लन यी". मेट्रोत लिफ्ट प्रत्येक एक्झिटला नसते, स्टेशनच्या नकाशावर बघून घ्या आणि चढताना रुंद फाटकातून जा. गर्दीच्या वेळी एक ट्रेन सोडून दिली तर पुढची दोनतीन मिनिटांत येते. सासूबाईंना पुढे बसवून म्कॉय त्यांनाच म्हणू द्या, आजींच्या आवाजाला लोक लगेच वळून बघतात. आलात की मला मेसेज करा, पहिल्या रविवारी बाजारात मी येते बरोबर.